झोजिलाच्या चढावरचा आपोआप बदलणारा गिअर

१ नोव्हेंबर १९४८. समुद्रसपाटीपासून ३,५२८ मीटर उंचीवरच्या झोजिला खिंडीत हिमवर्षावाचे दिवस सुरू झाले होते. खिंडीच्या दोन्ही अंगांच्या कड्यांमध्ये दडून बसलेल्या शत्रूच्या मशीनगन दोन महिने भारतीय पायदळाला पुढे सरकू देत नव्हत्या. सप्टेंबरातले हल्ले परतवले गेले होते. पलीकडे लडाख होते. लेहला जमिनीवरून रसद पोहोचवण्याचा काश्मीर खोऱ्यातून येणारा रस्ता या खिंडीतूनच जात होता, आणि मे महिन्यात एअर कमोडोर मेहरसिंग यांनी मेजर जनरल थिमय्यांना सोबत घेऊन लेहच्या कच्च्या धावपट्टीवर डाकोटा उतरवल्यापासून तिथल्या तुकडीचा मुख्य आधार विमाने हाच होता. हिवाळा खिंड बंद करण्याआधी ती जिंकली नाही, तर लेह पुढचे सहा महिने तग धरील की नाही, हा त्या दिवसाचा प्रश्न होता.

त्या दिवशी खिंडीत जे वर चढले ते पाहण्याची शत्रूने कल्पनाही केलेली नव्हती. सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे होते ते. बुरूज उतरवून, झाकून, जम्मूमार्गे श्रीनगरला आणि तिथून बालटालला गुपचूप नेलेले. मद्रास सॅपर्सच्या दोन कंपन्यांनी खेचरांची पायवाट रुंद करून त्यांच्यासाठी वाट तयार केली होती. लेफ्टनंट कर्नल राजिंदरसिंग ‘स्पॅरो’ त्यांचे नेतृत्व करत होते आणि आघाडीच्या रणगाड्यात स्वतः थिमय्या बसले होते. इतक्या उंचीवर रणगाडे लढल्याचे त्याआधीचे उदाहरण युद्धेतिहासात सांगितले जात नाही. खिंड त्याच दिवशी पडली. नोव्हेंबर संपण्यापूर्वी द्रास आणि कारगिल परत मिळाले आणि लेहचा रस्ता मोकळा झाला.

ही शौर्यकथा अनेकांनी अनेकदा सांगितली आहे आणि ती सांगितली जावी अशीच आहे. तिच्यातली एक तांत्रिक बाब मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. झोजिला चढलेल्या त्या एम-५ जातीच्या रणगाड्यांना क्लचचे पेडल नव्हते. त्यांचे गिअर आपोआप बदलत असत. ‘डोंगरात ऑटोमॅटिक गाडी चालत नाही’ हे वाक्य आजही आपल्याकडे ठामपणे उच्चारले जाते. त्या वाक्याचा खोटेपणा भारताच्या सर्वांत अवघड चढांपैकी एका चढावर ७० हून अधिक वर्षांपूर्वीच सिद्ध झाला होता. अर्धा खोटेपणा, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. उरलेल्या अर्ध्या भागाकडे पुढे वळावेच लागेल.

चढावर गिअर बदलणे अवघड का असते, ते आकड्यांतून पाहावे. रणगाड्याचे वजन सुमारे १५ टन. त्याची दोन कॅडिलॅक व्ही-८ इंजिने मिळून सुमारे २२० अश्वशक्ती देत. झोजिलाच्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असते. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला तेवढ्याच प्रमाणात कमी प्राणवायू मिळतो आणि शक्तीही त्याच प्रमाणात घटते. म्हणजे उरली सुमारे १५५ अश्वशक्ती. समजा चढ चारास एक आहे, आणि बर्फ-मातीत रुतणाऱ्या साखळीपट्ट्यांचा विरोध वजनाच्या एक दशांश आहे. हे सगळे ओढून नेण्यासाठी सुमारे ५१ हजार न्यूटन बल लागते. दात्यांत आणि साखळ्यांत वाया जाणारी शक्ती वजा केली, तर वेग येतो ताशी पाच ते सात किलोमीटर. माणूस चालतो तेवढाच.

आता या वेगाने चढणाऱ्या रणगाड्याच्या चालकाने गिअर बदलण्यासाठी क्लच दाबला, असे समजा. इंजिनाचा आणि पट्ट्यांचा संबंध तुटला. गुरुत्वाकर्षण आणि रस्त्याचा विरोध मिळून दर सेकंदाला ३.४ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग खातात. अंगात वेग आहे दोनच मीटर प्रतिसेकंद. म्हणजे सव्वा अर्ध्या सेकंदातच रणगाडा जागच्या जागी थांबणार, आणि त्यानंतर मागे घसरू लागणार. त्या काळच्या जड गिअरबॉक्समध्ये दांडा एका खाचेतून काढून दुसरीत बसवायला एवढा वेळ पुरत नसे. सपाट रस्त्यावर हा खंड जाणवतही नाही, कारण तिथे गाडीच्या अंगातला वेग तिला पुढे नेत राहतो. चढावर मात्र अंगात वेग नसतोच. म्हणून चढावर खरी किंमत असते ती इंजिनाची ओढ अखंड राहण्याला. आपोआप बदलणारा गिअर ही तिथे चैनीची गोष्ट उरत नाही.

गंमत अशी की, हा विचार करून कोणी एम-५ मध्ये तो गिअर बसवलेला नव्हता. आधीच्या स्टुअर्ट रणगाड्यात विमानाचे गोलाकार इंजिन असे. युद्ध पेटले तशी ती इंजिने विमानांनाच कमी पडू लागली. तेव्हा अमेरिकेच्या जनरल मोटर्सने आपल्या आलिशान कॅडिलॅक मोटारीची इंजिने, त्यांच्या ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्ससकट, जोडीने रणगाड्यात बसवून दाखवली. हा गिअरबॉक्स १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी १९३९ मध्ये विक्रीला आला होता. शहरातल्या ज्या ग्राहकांना क्लचचा कंटाळा होता त्यांच्यासाठी. तुटवड्यामुळे तो रणगाड्यात आला, रणगाड्याबरोबर ब्रिटिश भारतीय सैन्यात आला, आणि फाळणीच्या वाटणीनंतर झोजिलात पोहोचला. यंत्रांचा इतिहास बहुतेक वेळा असाच आडवळणाने चालतो. हेतूने त्यात फार थोडे घडते.

आणखी मागे गेले, तर मूळ सापडते ते समुद्रावर. जर्मनीतल्या श्टेटिन बंदरातील जहाजबांधणी कारखान्यात काम करणाऱ्या हेर्मान फ्योटिंगर या अभियंत्यापुढे वेगळाच प्रश्न होता: वाफेचे टर्बाइन प्रचंड वेगाने फिरते, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरायला हवा. दात्यांची तेवढी मोठी आणि टिकाऊ चाके तेव्हा करता येत नव्हती. १९०५ मध्ये त्याने पेटंट घेतले ते दात्यांऐवजी द्रवाने शक्ती वाहून नेण्याचे. पाती असलेली दोन भांडी तोंडाला तोंड लावून ठेवावीत, मध्ये द्रव भरावा. एक भांडे इंजिनाने फिरवले की घुसळलेला द्रव दुसऱ्याच्या पात्यांवर आदळून त्यालाही फिरवतो. दोघांमध्ये धातूचा धातूशी संबंध कुठेच नाही. एवढ्यावर थांबले तर ते केवळ ‘फ्लुइड कपलिंग’. हायड्रामॅटिकमध्ये हेच होते. पण परतणाऱ्या द्रवाची दिशा वळवणारी तिसरी, स्थिर पाती मध्ये घातली, तर बाहेर मिळणारा टॉर्क आत दिलेल्या टॉर्कपेक्षा जास्त होतो, साधारण दुपटीपर्यंत. हाच टॉर्क कन्व्हर्टर. ऊर्जा अर्थातच वाढत नाही. वेग देऊन टॉर्क विकत घेतला जातो, आणि दलालीत तेल तापते.

चढावरच्या चालकाला याचा दुहेरी लाभ होतो. ओढ तुटत नाही, हा पहिला. दुसरा अधिक सूक्ष्म आहे. सुट्या खडीवर चाक फिरकी घेणार की पकड धरणार, हे घर्षणावर ठरते, आणि एकदा चाक घसरले की पकड आणखी कमी होते, कारण सरकत्या पृष्ठांमधील घर्षण स्थिर पृष्ठांमधील घर्षणापेक्षा कमी असते. क्लच सोडताना बसणारा झटका नेमका हा उंबरठा ओलांडायला लावतो. द्रवातून येणारा टॉर्क मऊपणे चढतो. अर्थात पकडीची जी मूळ मर्यादा आहे, ती कोणत्याही गिअरबॉक्सला बदलता येत नाही. घर्षणगुणांक ०.५ असलेल्या खडीवर चारही चाके ओढणारी गाडी फार तर २७ अंशांचा चढ चढेल. दोनच चाके ओढत असतील, तर साधारण त्याच्या निम्मा. इंजिन कितीही मोठे असो, आणि जाहिरातीत काहीही लिहिलेले असो.

झोजिलानंतर भारतीय डोंगरांत मात्र क्लचचेच राज्य राहिले. त्याचे नाव जीप. विलिस जीपच्या ६० अश्वशक्तीच्या इंजिनाचा टॉर्क पहिल्या गिअरमध्ये २.६६ पट, ‘लो रेंज’मध्ये आणखी १.९७ पट आणि धुरीवर ४.८८ पट होई. गुणाकार केला तर चाकावर २५ पटींहून अधिक. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली, आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेने जिथे जिथे डोंगर फोडला तिथे तिथे ती पोहोचली. पुढे जबलपूरच्या कारखान्यातली जोंगा आली, १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. सगळ्या हाताने गिअर टाकायच्या. यामागे अडाणीपणा नव्हता. बॅटरी बसली तर जीप ढकलून सुरू करता येते, गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करायला हातोडा, पाने आणि खमका मिस्त्री पुरतो. कन्व्हर्टरच्या गाडीला हे दोन्ही चालत नाही. दुर्गम भागात जी गाडी दुरुस्त होते तीच चांगली गाडी, हा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

द्रवाने शक्ती वाहण्याचे शास्त्र याच काळात भारतात वेगळ्या रुळांवर वाढत होते, तेही अक्षरशः. रेल्वेतील यांत्रिक अभियंता मनमोहन सुरी यांनी डिझेल इंजिनांसाठी द्रव आणि यांत्रिक जोड यांचा मेळ घालणारी शक्तिवहनाची पद्धत शोधली. ‘सुरी ट्रान्समिशन’ या नावाने ती ओळखली जाते. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९६२ मध्ये अभियांत्रिकीसाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे ते संचालक झाले, आणि देशी बनावटीचा स्वराज ट्रॅक्टर याच संस्थेत आकाराला आला. फ्योटिंगरच्या कल्पनेवर स्वतःची भर घालणारा भारतीय अभियंता आज किती मोटारप्रेमींना माहीत आहे? इंजिनाच्या अश्वशक्तीवर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांच्या तोंडी सुरींचे नाव क्वचितच येते.

जगात इतरत्र, चारही चाके ओढणाऱ्या नागरी गाडीत स्वयंचलित गिअर १९६३ च्या जीप वॅगोनिअरपासून दिसू लागला. रेंज रोव्हरने तो १९८२ मध्ये स्वीकारला. चढाचा प्रश्न सुटल्यात जमा होता. पण डोंगर चढला की उतरावा लागतो, आणि ‘ऑटोमॅटिक डोंगरात नको’ म्हणणाऱ्या जुन्या चालकांच्या बोलण्यातले अर्धे सत्य इथे, उताराला लागल्यावर, सापडते.

लेहजवळचा खारदुंग ला सुमारे ५,३५९ मीटर उंच आहे, लेह सुमारे ३,५००. दोन टनांची गाडी माथ्यावरून शहरात उतरते तेव्हा तिला साडेतीन कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी टाकून द्यावी लागते. ही ऊर्जा जवळजवळ एक लिटर डिझेल जाळल्याइतकी आहे. चारही चाकांच्या ब्रेकचे लोखंड मिळून ४० किलो धरले आणि ही सारी उष्णता त्यातच साठली, तर तापमान १,९०० अंशांनी वाढेल. लोखंड १,५३८ अंशांना वितळते. प्रत्यक्षात असे होत नाही. टायर आणि हवा मोठा वाटा उचलतात, दोन तासांच्या उतरणीत वारा चकत्यांना थंडही करत राहतो. धोका सरासरीत नसतो, तो तुकड्यांत असतो. रस्ता सोडून २५ अंशांच्या कच्च्या उतारावर ही गाडी चालण्याच्या वेगाने, केवळ ब्रेकवर, पाच मिनिटे उतरवली, तर त्याच ४० किलो लोखंडाचे तापमान सुमारे २०० अंशांनी चढते, कारण एवढ्या संथ वेगात थंड करायला वाराच नसतो. उष्णता कॅलिपरमधून ब्रेक ऑइलपर्यंत जाते. जुने, ओलावा शोषलेले साधे ब्रेक ऑइल १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. तेलात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल दाबले तरी बुडबुडेच दाबले जातात, ब्रेक नाही. ‘ब्रेक लागेनात’ या दोन शब्दांमागे बहुधा एवढेच भौतिकशास्त्र असते.

घाटातल्या ट्रकचालकांचा जुना नियम आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. कसारा असो, खंबाटकी असो वा रोहतांग, नियम एकच. खालच्या गिअरमध्ये चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंजिन, रेडिएटरसकट, ब्रेकचे काम करते. पण या नियमात एक गोष्ट गृहीत आहे: गिअर चालक ठरवतो. साधा स्वयंचलित गिअरबॉक्स उतारावर पाहतो काय? अॅक्सिलरेटरवर पाय नाही, वेग वाढतो आहे. त्याच्या लेखी गाडी निवांत चालली आहे, म्हणून तो वरचा गिअर टाकतो. नेमके नको ते. भरीला कन्व्हर्टरची पाती इंजिनाकडून चाकांकडे शक्ती नेण्यासाठी वळवलेली असतात. उलट दिशेने ती तितकी चांगली चालत नाहीत. इंजिनाचा रोध द्रवात घसरून विरतो.

यावर दोन उपाय निघाले. पहिला यांत्रिक: कन्व्हर्टरच्या आत क्लच घालून गरजेप्रमाणे द्रवाला वगळायचे आणि दोन्ही भांडी घट्ट जोडायची. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९४९ मध्ये हे केले. इंधनाच्या टंचाईनंतर, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, ते सर्वत्र रुजू लागले. दुसरा उपाय इलेक्ट्रॉनिक. १९७८ मध्ये बॉशची एबीएस यंत्रणा मोटारीत आल्यावर प्रत्येक चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे हाताळणे संगणकाला शक्य झाले. १९९७ मध्ये लँड रोव्हरने फ्रीलँडर गाडीत त्याचाच उपयोग करून ‘हिल डिसेंट कंट्रोल’ दिले. चालकाने पाय काढून घ्यायचे. यंत्रणा एकेका चाकाचा ब्रेक लावत-सोडत गाडी चालण्याच्या वेगाने खाली आणते. ते का दिले, हे मात्र जाहिरातीत ठळक नव्हते. फ्रीलँडरला लो रेंज नव्हती. जे काम दात्यांनी व्हायचे ते ब्रेकवर टाकले होते.

हा तपशील आज भारतात महत्त्वाचा आहे. २०२० मध्ये नवी थार टॉर्क कन्व्हर्टरच्या स्वयंचलित गिअरसह आली, २०२३ मध्ये चार गिअरांच्या ऑटोमॅटिकची जिम्नी आली. दोघींना खरी लो रेंज आहे. डोंगराचा अनुभव नसलेला शहरी चालक आता दोन पेडलांवर अशा उतारांपर्यंत पोहोचतो, जिथे पूर्वी निष्णात जीपवालेच जात. त्याला हिल डिसेंटचे बटण ठाऊक असते. पण ते बटण ऊर्जा नाहीशी करत नाही. ती ब्रेकमध्येच ओतते, फक्त माणसापेक्षा शहाणपणाने. लांब उतारावर लो रेंज आणि हाताने निवडलेला पहिला गिअर लावून मुख्य भार इंजिनावर टाकावा, आणि बटण चाक घसरू लागेल त्या क्षणापुरते राखून ठेवावे, हा क्रम भौतिकशास्त्राला मान्य होणारा आहे. लो रेंज उतार सुरू होण्याआधीच, गाडी उभी करून लावायची. चढावरही तेच: लो रेंजमध्ये कन्व्हर्टर कमी घसरतो, तेल कमी तापते, आणि विरळ हवेत तापलेले तेल थंड करणे खाली मैदानात असते त्याहून अवघड असते. चढ अर्ध्यावर सुटला तर वळण्याचा मोह टाळून, रिव्हर्स गिअरमध्ये सरळ मागे यायचे. आडवी झालेली गाडी उलटते. न्यूट्रलवर कधीच नाही.

उंची वाढते तसे हे सारे कठीण होते. सीमा सडक संघटनेने २०२१ मध्ये पूर्व लडाखमध्ये उमलिंग ला येथे १९,०२४ फुटांवरून रस्ता नेला. तिथली हवा समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडी अधिक दाट. टर्बोचार्जर ही उणीव बरीच भरून काढतो, पण तो पुरेसा फिरू लागल्यानंतर. संथ चढावर, इंजिनाचे फेरे कमी असताना, त्याची मदत उशिरा पोहोचते. त्या मधल्या क्षणांत गाडीला हात देतो तो कन्व्हर्टर. इंजिनाला त्याच्या सोयीच्या फेऱ्यांवर फिरू देऊन तो चाकांना हळू चालवतो. हायड्रामॅटिकच्या रणगाड्यांनी झोजिलात केले ते, तत्त्वतः, याहून फार निराळे नव्हते.

एक बारीक गोष्ट अजून राहते, आणि तिने अनेकांना अडचणीत आणले आहे. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’वर टाकली की उभी राहते, हा सर्वांचा समज. ‘पी’ म्हणजे गिअरबॉक्समधल्या एका चाकाच्या खाचेत अडकणारा धातूचा एकच दात. लो रेंजचा दांडा असलेल्या गाडीत गिअरबॉक्स आणि चाके यांच्या मध्ये ट्रान्सफर केस असते, आणि ती जर न्यूट्रलमध्ये राहिली, तर तो दात काहीच अडवत नाही. चाके मोकळी असतात. लो रेंज लावताना दांडा अर्ध्यावर राहिला, चालक ‘पी’ टाकून फोटो काढायला उतरला, तर गाडी त्याच्याआधी दरीकडे निघते. म्हणून उतारावर थांबताना आधी पायाचा ब्रेक, मग हातब्रेक पूर्ण ओढून गाडीचा भार त्यावर येऊ द्यायचा, मग ट्रान्सफर केसचा दिवा पाहायचा, आणि सर्वांत शेवटी ‘पी’. चाकाखाली दगड लावायला तरीही विसरायचे नाही.